कार्टर वुडसन : खाणीतून आलेला इतिहासकार

दर वर्षी फेब्रुवारी आला की अमेरिकेतल्या शाळा, ग्रंथालये, चर्च, विद्यापीठे आणि आता तर मोठमोठ्या कंपन्यासुद्धा 'ब्लॅक हिस्टरी मंथ', म्हणजे कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा महिना साजरा करतात. आपल्याकडच्या तरुणांच्या मोबाइलवरही त्या दिवसांत मार्टिन ल्यूथर किंग, रोझा पार्क्स, माल्कम एक्स यांचे फोटो फिरत असतात. पण हा महिना सुरू कोणी केला, कशासाठी केला आणि फेब्रुवारीच का निवडला, असे विचारले तर चळवळीतले चांगले वाचणारे कार्यकर्तेही अडखळतात. ज्या माणसाने हे सगळे उभे केले त्यांचा फोटो या गर्दीत क्वचितच दिसतो. त्यांचे नाव डॉ. कार्टर गॉडविन वुडसन. गुलाम आईवडिलांच्या पोटी जन्मलेला, कोळशाच्या खाणीत राबलेला आणि विसाव्या वर्षी हायस्कूलची पायरी चढलेला हा माणूस पुढे हार्वर्डचा डॉक्टरेट झाला. त्याने आपले उरलेले सगळे आयुष्य एकाच कामाला दिले : आपल्या समाजाचा इतिहास गोळा करणे, छापणे आणि तो शाळेतल्या पोरापर्यंत पोहोचवणे.

आम्ही वस्त्यांमध्ये काम करतो, जयंतीची तयारी जवळून पाहतो. म्हणूनच वुडसन यांचे चरित्र आम्हांला फार जवळचे वाटते. एखाद्या समाजाने आपला इतिहास साजरा करायचा म्हणजे नेमके काय करायचे, हा प्रश्न या माणसाने शंभर वर्षांपूर्वी घेतला आणि त्याचे उत्तर कामातून दिले.

वुडसन यांचा जन्म १९ डिसेंबर १८७५ रोजी व्हर्जिनिया राज्यातल्या न्यू कँटन या खेड्यात झाला. अमेरिकेतली गुलामगिरी कायद्याने संपून तेव्हा जेमतेम दहा वर्षे झाली होती. वडील जेम्स हेन्री आणि आई ॲन एलायझा हे दोघेही गुलामीत वाढलेले. यादवी युद्धात वडिलांनी उत्तरेकडच्या फौजेला मदत केली होती. ते सुतारकाम आणि शेती करत. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते, पण कोणा गोऱ्यापुढे लाचार व्हायचे नाही, अपमान गिळायचा नाही, ही शिकवण त्यांनी मुलांना घरातच दिली. घर मोठे, खाणारी तोंडे जास्त. गावातली शाळा वर्षातले थोडेच महिने भरायची आणि तीही शेतीची कामे नसतील तेव्हाच. तिथे शिकवायला वुडसन यांचे दोन मामाच होते. त्यामुळे अक्षरओळख झाली, पण पुढचे शिक्षण अडले.

मग रोजगारासाठी ते पश्चिम व्हर्जिनियात गेले. आधी रेल्वेचे स्लीपर टाकण्याचे काम, नंतर फेएट काउंटीतल्या कोळशाच्या खाणी. चरित्रकार हा भाग सहसा दोन ओळींत उरकतात. आमच्या मते मात्र वुडसन यांचे खरे विद्यापीठ तेच होते. नटॲलबर्ग या खाणीच्या वस्तीत ऑलिव्हर जोन्स नावाचे एक काळे गृहस्थ होते. यादवी युद्धात लढलेले, खाणीत राबणारे आणि स्वयंपाकातही तरबेज. त्यांनी आपल्या राहत्या घरातच एक छोटे दुकान थाटले होते. दिवसभर कोळशात काळवंडलेले मजूर संध्याकाळी तिथे जमत, फळे नि आइस्क्रीम खात आणि गप्पा मारत. जोन्स यांना वाचता येत नव्हते. तरीही त्यांच्या घरात पुस्तके होती, आणि तीही काळ्या लोकांच्या कर्तबगारीची. वर्तमानपत्रे यायची. पोरगेल्या वुडसनला वाचता येते हे कळल्यावर त्यांनी सौदा केला : तू आम्हांला रोज वाचून दाखव, खाण्याचे पैसे आम्ही घेणार नाही.

कल्पना करा, खाणीची वस्ती, कंदिलाचा उजेड, आणि एक सतरा-अठरा वर्षांचा मुलगा बातम्या, भाषणे, अर्थकारणावरचे लेख मोठ्याने वाचतो आहे. ऐकणाऱ्यांपैकी अनेकांनी स्वतः गुलामी भोगलेली, काहींनी बंदूक हातात घेऊन ती मोडण्यासाठी लढाई केलेली. वाचन थांबले की ते बोलू लागत. कोणत्या लढाईत काय झाले, कोणता मालक कसा होता, कोण पळाले, कोण पकडले गेले. पाठ्यपुस्तकात यातले काहीही नव्हते. इतिहास दोन ठिकाणी असतो, एक छापलेला आणि एक माणसांच्या तोंडी असलेला, आणि त्या दोघांमध्ये मोठी दरी आहे, हे वुडसन यांना कळले ते या दुकानात. पुढे म्हातारपणी त्यांनी या माणसांविषयी कृतज्ञतेने लिहिले.

थोडे पैसे साठवून १८९५ साली, विसाव्या वर्षी, ते हंटिंग्टन शहरातल्या डग्लस हायस्कूलमध्ये दाखल झाले. फ्रेडरिक डग्लस यांच्या नावाची काळ्या मुलांची ही शाळा. दोन वर्षांच्या आत त्यांनी तिथला अभ्यासक्रम संपवला आणि पुन्हा खाणीच्याच मुलखात, विनोना गावी, मजुरांच्या मुलांना शिकवायला गेले. १९०० साली ज्या डग्लस हायस्कूलमध्ये ते उशिरा शिकले त्याच शाळेचे ते मुख्याध्यापक झाले. मधल्या काळात केंटकीतल्या बेरिया कॉलेजातून १९०३ साली पदवी घेतली. गोरे आणि काळे विद्यार्थी एकाच वर्गात बसवणारे हे त्या भागातले विरळे कॉलेज होते. वुडसन बाहेर पडले आणि पुढच्याच वर्षी केंटकी राज्याने कायदा करून असे एकत्र शिक्षण बंद पाडले. म्हणजे ज्या दारातून ते आत गेले ते दार त्यांच्या मागे बंद झाले.

१९०३ ते १९०७ ही वर्षे त्यांनी फिलिपिन्समध्ये काढली. ती बेटे तेव्हा अमेरिकेच्या ताब्यात होती आणि तिथल्या शाळा चालवायला अमेरिकेतून शिक्षक पाठवले जात. तिथे पाहिलेली एक गोष्ट वुडसन आयुष्यभर विसरले नाहीत. नामांकित विद्यापीठांतून आलेले शिक्षक फिलिपिनो मुलांना अमेरिकन पुस्तकांतून शिकवत, आणि धड्यात झाड असायचे सफरचंदाचे. त्या मुलांनी सफरचंद कधी पाहिलेलेच नव्हते. मग शिक्षकाचा पेशा नसलेला, विमा कंपनीत काम केलेला एक माणूस आला आणि त्याने सफरचंदाऐवजी लोम्बॉयचे झाड घेतले. हे लोम्बॉय म्हणजे आपले जांभूळ! जांभळाचे झाड म्हटल्याबरोबर पोरे हसली, बोलली, शिकू लागली. वॉशिंग्टन आणि लिंकन यांच्या आधी त्याने मुलांना त्यांच्याच होजे रिझालची गोष्ट सांगितली. वुडसन यांनी यातून जो धडा घेतला तो त्यांच्या सगळ्या पुढच्या कामाच्या मुळाशी आहे. शिकणाऱ्याच्या अंगणातून सुरुवात केली नाही तर शिक्षण डोक्यावरून जाते. आणि त्याहून वाईट म्हणजे, माझ्या अंगणात शिकण्यासारखे काहीच नाही असे त्या मुलाला वाटू लागते.

परत आल्यावर १९०८ मध्ये शिकागो विद्यापीठातून एम.ए. आणि १९१२ मध्ये हार्वर्डमधून इतिहासाची पीएच.डी. हार्वर्डमधून डॉक्टरेट मिळवणारे ते दुसरे कृष्णवर्णीय, पहिले डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस, १८९५ सालचे. गुलाम आईवडिलांचे मूल असून इतिहासात पीएच.डी. झालेले मात्र अमेरिकेत ते एकटेच. तेही पूर्ण वेळ शाळामास्तरकी करत. १९०९ पासून ते वॉशिंग्टनमध्ये काळ्या मुलांच्या हायस्कूलमध्ये फ्रेंच, स्पॅनिश, इंग्रजी आणि इतिहास शिकवत होते आणि उरलेल्या वेळात लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये बसून प्रबंध लिहीत होते. हार्वर्डमध्ये एडवर्ड चॅनिंग यांच्यासारखे नावाजलेले प्राध्यापक होते, आणि काळ्या माणसाला इतिहासच नाही हे त्यांचे मत होते. हे मत कोणा रस्त्यावरच्या गुंडाचे नव्हते, देशातल्या सर्वोच्च विद्यापीठातल्या विद्वानाचे होते, हे लक्षात घ्या. 'तुम्हांला इतिहास नाही' हे वाक्य वेगवेगळ्या सुरांत ऐकत आलेल्या आपल्यासारख्यांना त्यातला डंख समजावून सांगायची गरज नाही.

आता १९१५ हे साल पाहा. 'द बर्थ ऑफ अ नेशन' हा सिनेमा याच वर्षी आला. त्यात मुक्त झालेले काळे लोक म्हणजे पशू आणि कू क्लक्स क्लान म्हणजे देशाचे तारणहार, असे रंगवले होते. तो खुद्द व्हाइट हाऊसमध्ये दाखवला गेला. थंड पडलेली क्लान संघटना त्याच वर्षी जॉर्जियात पुन्हा उभी राहिली. आणि त्याच उन्हाळ्यात शिकागोत गुलामगिरी संपल्याच्या पन्नासाव्या वर्षानिमित्त मोठे प्रदर्शन भरले. हजारो काळी माणसे आपल्याच इतिहासातल्या वस्तू, पुस्तके, चित्रे पाहायला रांगा लावून उभी होती. वुडसन यांनीही तिथे आपले दालन मांडले होते. ती गर्दी पाहून त्यांची खात्री पटली की भूक आहे, ताट कोणी वाढत नाही. ९ सप्टेंबर १९१५ रोजी शिकागोच्या वॉबॅश अव्हेन्यूवरील वायएमसीएच्या इमारतीत ते मोजक्या सहकाऱ्यांसह बसले आणि निग्रो जीवन व इतिहास यांच्या अभ्यासासाठी एक संस्था स्थापन केली. (निग्रो हा शब्द आज कोणी वापरत नाही, वापरूही नये, त्या काळी तोच शब्द समाज स्वतःसाठी सन्मानाने वापरत असे.) जानेवारी १९१६ मध्ये संस्थेच्या त्रैमासिकाचा पहिला अंक निघाला, बराचसा त्यांच्या स्वतःच्या खिशातून. शाळामास्तराच्या पगारावर संशोधनपत्रिका काढणे म्हणजे काय, हे ज्यांनी आपल्याकडे लहान नियतकालिके चालवली आहेत त्यांना विचारा. वुडसन हयात असेपर्यंत त्या त्रैमासिकाचा एकही अंक चुकला नाही.

याच वर्षांत बाबासाहेब न्यूयॉर्कमध्ये, कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. १९१३ च्या जुलैमध्ये ते तिथे पोहोचले आणि १९१६ च्या मे महिन्यात त्यांनी जातींवरचा आपला प्रसिद्ध निबंध वाचला. म्हणजे एका बाजूला वॉशिंग्टनमध्ये वुडसन आपल्या लोकांच्या भूतकाळाची कागदपत्रे जमवत होते, आणि काही तासांच्या अंतरावर बाबासाहेब जातीची उत्पत्ती शोधत होते. दोघांनाही आपल्या समाजाच्या वर्तमानाचे कुलूप उघडायला इतिहासाची किल्ली हवी होती. आपले नाते त्याहूनही जुने आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केले ते अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये डुबॉइस यांना पत्र लिहिले. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती ब्लॅक पँथरचे नाव घेऊन. त्यामुळे कृष्णवर्णीयांचा इतिहास शिकणे हे आपल्यासाठी परक्या देशाचे सामान्यज्ञान होऊ शकत नाही.

१९१९ च्या जुलैमध्ये वॉशिंग्टनमध्ये गोऱ्या जमावांनी काळ्यांवर हल्ले केले. वुडसन रात्री घरी परतत असताना असा एक जमाव समोरून आला. ते एका दुकानाच्या आडोशाला लपले. त्यांच्या डोळ्यांदेखत जमावाने एका काळ्या माणसाला पकडून, कत्तलीच्या जनावरासारखे धरून ठेवून गोळी घातली. हार्वर्डचा डॉक्टर असो की हमाल, अंधारात कातडीचा रंगच तेवढा दिसतो. त्या रात्रीनंतरही ते सकाळी कामावर गेले.

त्यानंतर काही काळ ते हॉवर्ड विद्यापीठात आणि मग पश्चिम व्हर्जिनियातल्या एका महाविद्यालयात अधिष्ठाता होते. हॉवर्डच्या गोऱ्या अध्यक्षांशी त्यांचे बिनसले आणि वर्षभरात ते बाहेर पडले. १९२२ मध्ये त्यांनी नोकरीला कायमचा रामराम ठोकला. दोन मोठ्या धनिक निधींकडून प्रत्येकी २५,००० डॉलर मंजूर झाले होते, त्यावर पूर्ण वेळ काम सुरू झाले. वॉशिंग्टनच्या नाइन्थ स्ट्रीटवर १५३८ क्रमांकाचे एक तीन मजली घर त्यांनी विकत घेतले. खाली कार्यालय आणि प्रकाशन, वरच्या मजल्यावर ते स्वतः. लग्न केले नाही. गोऱ्यांचे प्रकाशक काळ्यांची पुस्तके छापत नाहीत म्हणून त्यांनी स्वतःचीच प्रकाशनसंस्था काढली. 'द निग्रो इन अवर हिस्टरी' हे त्यांचे पाठ्यपुस्तक १९२२ मध्ये तिथूनच निघाले आणि वर्षानुवर्षे चालले.

त्या घरात काही काळ एक तरुण कारकून होता, पुढे जगप्रसिद्ध झालेला कवी लँग्स्टन ह्यूज. सकाळी कार्यालय उघडायचे, भट्टी पेटवायची, झाडलोट करायची आणि मग याद्या लावायच्या. १८३० च्या जनगणनेत जी काळी कुटुंबे स्वतंत्र होती त्यांच्या प्रमुखांची नावे वुडसन जमवत होते. सुमारे तीस हजार नावे अकारविल्हे लावण्याचे काम ह्यूजच्या वाट्याला आले. डोळे दुखले, कंटाळा आला, शेवटी त्याने नोकरी सोडून हॉटेलात उष्टी भांडी उचलणे पसंत केले. एकदा वुडसन बाहेरगावी गेले असताना कार्यालयातली मंडळी पत्ते कुटत बसली होती आणि साहेब वेळेआधीच परतले. त्यांनी कोणालाही काढून टाकले नाही. सगळ्यांना बोलावून कामाची, इतिहासाची आणि समाजाची जबाबदारी यावर लांबलचक प्रवचन दिले. ह्यूजने हे गमतीने लिहून ठेवले आहे. आम्हांला मात्र त्या तीस हजार नावांचे महत्त्व अधिक वाटते. ज्यांची नावे कुठेच नव्हती त्यांची नावे छापील पानावर आली. आणि हेही सांगितले पाहिजे की १८३० मध्ये काही काळ्या लोकांकडेही गुलाम होते, याची यादीसुद्धा वुडसन यांनीच १९२४ मध्ये प्रसिद्ध केली. ती दडवून ठेवणे सोयीचे होते. त्यांनी ती दडवली नाही. आपला इतिहास सांगायचा तर अडचणीचा भागही आपणच सांगायचा, विरोधकाने उकरून काढायची वाट पाहायची नाही, असा हा बाणा होता. आपल्याकडच्या फेसबुकवरच्या इतिहासकारांनी हे प्रकरण सावकाश वाचावे.

आता त्या आठवड्याकडे येऊ. फेब्रुवारी १९२६ च्या दुसऱ्या आठवड्यात वुडसन यांनी पहिला 'निग्रो इतिहास सप्ताह' जाहीर केला. फेब्रुवारीच का? १२ फेब्रुवारी हा अब्राहम लिंकन यांचा जन्मदिवस आणि १४ फेब्रुवारी हा फ्रेडरिक डग्लस यांचा मानलेला जन्मदिवस. मानलेला, कारण गुलामीत जन्मलेल्या डग्लस यांना आपली जन्मतारीख ठाऊकच नव्हती; १४ फेब्रुवारी त्यांनी स्वतः निवडली. (आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांच्या दाखल्यावर सगळ्यांचीच जन्मतारीख १ जून का असते, ते आठवा.) काळ्या वस्त्यांत हे दोन दिवस आधीपासूनच पाळले जात. वुडसन यांनी नवी तारीख लादली नाही, लोक जिथे जमत होते तिथेच ते गेले. पण त्यांनी एक मोठा बदल केला. सोहळा दोन थोर पुरुषांचा न राहता साऱ्या समाजाचा व्हावा असा त्यांचा आग्रह होता. गुलामगिरी एका लिंकनने संपवली नाही. उत्तरेच्या फौजेतल्या हजारो सैनिकांनी संपवली, त्यांत काळे सैनिकही होते. महापुरुषाचा दिवस साजरा करता करता समाजच अदृश्य होतो, हा धोका त्यांनी बरोबर ओळखला होता.

आणि सप्ताह म्हणजे केवळ मिरवणूक नव्हे, हे त्यांनी सामान पाठवून दाखवले. शाळांना पाठाचे आराखडे, महत्त्वाच्या तारखांच्या याद्या, भिंतीवर लावायची चित्रे, मुलांनी करायची नाटुकली, वाचायच्या पुस्तकांची यादी, सगळे वॉशिंग्टनच्या त्या घरातून टपालाने जाई. पहिल्याच फेरीत नॉर्थ कॅरोलिना, डेलावेअर आणि पश्चिम व्हर्जिनिया या राज्यांच्या शिक्षण खात्यांनी आणि बाल्टिमोर व वॉशिंग्टन या शहरांच्या शाळांनी सहकार्य केले. गावोगावी इतिहास मंडळे निघाली. चर्चमध्ये, सभागृहांत, घराच्या ओसरीवर वाचने झाली. लोकांना त्यांनी आणखी एक विनंती केली : घरातल्या जुन्या पेट्या उघडा. पत्रे, करारनामे, मुक्तिपत्रे, काय सापडेल ते जपा, आम्हांला कळवा. अशा रीतीने गोळा झालेली सुमारे ५,००० कागदपत्रे त्यांच्या संग्रहातून लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये गेली. ज्या समाजाला इतिहासच नाही असे विद्वान म्हणत होते, त्याचे पुरावे लोकांच्या ट्रंकांमध्ये घडी घालून पडलेले होते.

या कामाचा कणा होत्या दक्षिणेतल्या काळ्या शिक्षिका. त्यांच्या शाळांचा कारभार गोऱ्या अधिकाऱ्यांच्या हाती होता, नोकरी कधीही जाऊ शकत होती. १९३३ च्या सुमारास लुईझियानातल्या एका तरुण शिक्षिकेची हकिकत नोंदली गेली आहे. टेबलावर सरकारी अभ्यासक्रमाचा कागद उघडा असे आणि मांडीवर वुडसन यांचे पुस्तक. ती वाचून दाखवी मांडीवरचे. दाराशी कोणी आले की नजर टेबलावर. इतिहास शिकवायला एवढे धैर्य लागत होते. त्याच वर्षी, १९३३ मध्ये, वुडसन यांचे सर्वांत गाजलेले पुस्तक 'द मिस-एज्युकेशन ऑफ द निग्रो' आले. माणसाच्या विचारावर ताबा मिळवला की त्याच्यावर पहारा ठेवावा लागत नाही, तो आपली दुय्यम जागा आपणहून शोधतो, असा त्याचा गाभा आहे. राग त्यांचा गोऱ्यांवर होताच, पण त्याहून अधिक आपल्याच शिकल्या-सवरलेल्या वर्गावर होता. पदवी घेतल्यावर समाजापासून तुटणारा डॉक्टर, वकील, धर्मोपदेशक, प्राध्यापक यांना त्यांनी सोडले नाही. समाजशास्त्र शिकून बाहेर पडलेल्या आमच्यासारख्यांना ते पुस्तक वाचताना जागोजागी टोचते. बाबासाहेबांनी १९५६ साली आग्र्यात शिकलेल्या लोकांविषयी जी व्यथा मांडली ती आठवल्याशिवाय राहत नाही.

त्यांचा स्वभाव मात्र कठीण होता. एकतर्फी निर्णय घेत, सहकाऱ्यांशी वाद घालत, डुबॉइस यांच्याशीही त्यांचे पटले नाही. कृष्णवर्णीयांचा विश्वकोश हा दोघांचाही ध्यास, पण दोघे त्यासाठी एकत्र येऊ शकले नाहीत आणि वुडसन यांच्या हयातीत तो पूर्ण झाला नाही. हे चळवळीचे नुकसानच झाले असे आम्हांला वाटते. दुसऱ्या एका बाबतीत मात्र त्यांचा हट्ट कामी आला. श्रीमंत निधींची इच्छा होती की संस्था एखाद्या कॉलेजाला जोडावी. वुडसन यांनी नकार दिला आणि तीसच्या दशकात तो मोठा पैसा आटला. मग संस्था चालली ती शिक्षकांच्या, हमालांच्या, चर्चमधल्या बायकांच्या लहान लहान वर्गण्यांवर. तरुण संशोधक लोरेन्झो ग्रीन आणि काही विद्यार्थी १९३० मध्ये एका फोर्ड गाडीत पुस्तके भरून गावोगाव विकत हिंडले होते. मंदीचा काळ, लोकांकडे भाकरीला पैसे नाहीत, आणि ही पोरे इतिहासाची पुस्तके विकताहेत! तरी लोकांनी ती घेतली. १९३६ मध्ये मेरी मॅक्लिओड बेथ्यून या थोर शिक्षणकर्त्या संस्थेच्या अध्यक्ष झाल्या आणि पुढच्या वर्षी शाळांसाठी एक सोपे मासिक सुरू झाले. संशोधनाचे त्रैमासिक विद्वानांसाठी, मासिक शिक्षक आणि मुलांसाठी.

सप्ताह लोकप्रिय झाला तसे त्याचे बाजारीकरणही आले. अभ्यास नसलेले वक्ते मानधन घेऊन गावोगाव भाषणे ठोकू लागले, कोणी भडक पुस्तके विकू लागले. वुडसन यांनी त्यांच्यावर जाहीर टीका केली. एक आठवडा गाजवून उरलेले एक्कावन्न आठवडे विसरणे त्यांना मुळीच मान्य नव्हते. सप्ताह म्हणजे वर्षभर वर्गात जे शिकलो ते समाजापुढे मांडण्याची वेळ, असे ते मानत. आणि एक दिवस असा यावा की वेगळ्या सप्ताहाची गरजच उरू नये, हीही त्यांची इच्छा होती. डीजेच्या भिंतीपुढे वाचनालयाच्या वर्गणीसाठी झोळी घेऊन उभे राहिलेल्या कार्यकर्त्यांना वुडसन यांचा हा वैताग ओळखीचा वाटेल. आम्ही जल्लोषाच्या विरोधात नाही. ज्यांना रस्त्यावरून चालायची चोरी होती त्यांनी रस्ताभर नाचावे, त्यातही इतिहास आहे. प्रश्न १५ एप्रिलच्या सकाळचा आहे.

३ एप्रिल १९५० रोजी नाइन्थ स्ट्रीटवरच्या त्याच घरात हृदयविकाराने वुडसन यांचे निधन झाले. वय ७४. पश्चिम व्हर्जिनियात, जिथे ते वारंवार भाषणाला जात, तिथल्या लोकांनी चाळीसच्या दशकातच सप्ताहाचा महिना करून टाकला होता. साठच्या दशकात विद्यार्थ्यांनी ती मागणी उचलली; केंट स्टेट विद्यापीठातल्या काळ्या विद्यार्थ्यांनी १९६९ मध्ये प्रस्ताव मांडला आणि १९७० च्या सुरुवातीला तो अमलात आणला. १९७६ मध्ये, सप्ताहाच्या पन्नासाव्या वर्षी, संस्थेनेच अधिकृतपणे महिना जाहीर केला आणि राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी त्याला मान्यता दिली. ब्रिटनमध्ये १९८७ पासून तो ऑक्टोबरात पाळला जातो. वुडसन यांचे घर आता राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ आहे, त्रैमासिक नव्या नावाने अजून निघते, आणि संस्था दर वर्षी अभ्यासासाठी एक विषय जाहीर करते.

आमच्या वाचनगटाने येत्या फेब्रुवारीच्या दुसऱ्या रविवारी विहारात बैठक ठेवली आहे. सकाळी वुडसन यांच्यावर तासभर, मग डग्लस यांच्यावर, आणि दुपारी पेट्या. घरात आजोबांचे मिलचे हजेरीपुस्तक असेल, आजीचे १९५६ च्या नागपूरच्या प्रवासाचे तिकीट असेल, वतनाचा एखादा कागद, समता सैनिक दलाचा बिल्ला, जुन्या 'जनता'चा फाटका अंक, काहीही चालेल. मोबाइलने फोटो काढून, कोणाचे, कुठले, कोणी सांगितले याची नोंद करून वस्तू त्याच दिवशी परत दिली जाईल. ज्यांच्याकडे कागद नाहीत त्यांनी घरातल्या म्हाताऱ्या माणसांनाच बरोबर आणावे. लिहून घ्यायला मुले बसलेली असतील.